मस्कून आणि तेरा सह्या

सोमवार, ३ नोव्हेंबर २००८

आम्हाला शिकवणारी उस्ताज़ा इकराम म्हणाली, रोज चार ओळी लिहा, नाहीतर हात पुन्हा आखडेल. काय लिहू विचारलं तर म्हणाली, दिसेल ते. मला काय दिसतं? सत्तावीस वर्षं हम्मामच्या दाराशी बसून मी बायकांची बोचकी सांभाळते. सगळं सेफ्रू गाव मी उघडं पाहिलंय. त्यातलं अर्धं लिहिलं तरी मला गाव सोडावं लागेल.

तर मी तामू. वय सत्तावन्न. नवरा वारला, मूलबाळ नाही. बापाच्या घरात राहते, दोन खोल्या आणि वर गच्ची. लिहायला शिकले मागच्या वर्षी, मशिदीतल्या बायकांच्या वर्गात. शेजारी यामना बसते. ती आमच्याच हम्मामात बायकांची अंगं घासून देते. पेनही घासणीसारखंच धरते. तिला तिचं नाव लिहायला मीच शिकवलं. पहिल्या अक्षराखालचे दोन ठिपके ती अजून विसरते. मी म्हणते, अगं, चपला घालून बाहेर पड. तर म्हणते, माझं नाव अनवाणीच बरं.

ही वही पिठाच्या डब्यात ठेवणार. गृहपाठाची वेगळी आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज उस्ताज़ाने प्रत्येकीला एक शब्द निवडायला सांगितलं. त्याचा अर्थ लिहायचा आणि आपण तो रोज कसा वापरतो तेही. यामनाने 'साबण' घेतला. मी 'मस्कून' घेतला. सगळा वर्ग हसला आणि मग दोघीतिघींनी हळूच बिस्मिल्लाह म्हटलं. असा शब्द पाहिजे, तरच लिहायला मजा.

गृहपाठात लिहिलं ते असं. मस्कून म्हणजे ज्यात कुणीतरी राहायला आलंय असं. घर असतं, विहीर असते, माणूसही असतो. कोण राहायला आलंय ते विचारू नये. आम्ही नाव घेत नाही, 'ते लोक' म्हणतो. पण शब्द तसा दिवसभर तोंडात असतो. फ्रीज आपोआप घुरघुरला की मस्कून. सून आरशापुढून हलेना की मस्कून. नवरा विनाकारण हसत घरी आला तर नक्कीच मस्कून. मोरीत ते लोक असतात, म्हणून उकळतं पाणी ओतण्याआधी म्हणायचं, 'बिस्मिल्लाह, आम्ही शरण, हात बांधून.' कुणाचं मूल भाजायला नको. हम्माम तर त्यांचं माहेरच. मी सकाळी आतली खोली उघडते तेव्हा मोठ्याने सलाम करते. दुसऱ्याच्या घरात शिरताना मुकाट्याने कोण शिरतं?

दीड पान झालं. उस्ताज़ाने खाली लिहिलं, 'सुंदर.' मी ते यामनाला तीनदा वाचून दाखवलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

जल्लूल आला होता! माझा धाकटा भाऊ, मोठी म्हणून मला लल्ला म्हणतो. खरं नाव जिलाली, पण मी वाढवला त्याला, मी म्हणेन तेच नाव. फेज़मध्ये एका शाळेत कारकून आहे. येताना गरम स्फेंज आणले, तळलेल्या कड्या, गवताच्या दोरीत ओवलेले, आणि ते संपेपर्यंत घराचा विषय काढला नाही. संपल्यावरही काढला नाही. गेल्या दोन खेपांना 'लल्ला, विकून टाकू, परदेशी गिऱ्हाईक आहे, तुझी एक सही हवी' एवढंच चाललं होतं. मी एवढंच म्हणाले होते, मी मेल्यावर विक. या खेपेला तो एकदम पूर्वीचा जल्लूल होता.

गृहपाठाची वही पाहून चकितच झाला.

"लल्ला, हे तू लिहिलंस?"

"नाही, मोरीतल्यांनी लिहून दिलं."

पोट धरून हसला. मग विचारलं, "बोलतात का गं ते तुझ्याशी?"

"बोलतात तर. तुझ्यापेक्षा जास्त. तू दोन-दोन महिन्यांनी उगवतोस."

"मग हे पण लिही ना. उस्ताज़ाला आवडेल."

मी त्याच्यासमोरच लिहिलं. त्याने लाल पेनाने माझ्या चुका दुरुस्त केल्या, प्रत्येक शब्दावर थांबून, समजावून. लहानपणी मला शाळेत घातलं नाही, त्याला घातलं. आज त्या शाळेचं माझ्यापर्यंत काहीतरी आलं असं वाटलं. वही चार दिवसांसाठी घेऊन गेलाय. म्हणाला, पोरीला दाखवतो, आत्या लिहायला शिकली.

मंगळवार, ९ डिसेंबर. ईद

जल्लूल एकटाच आला, बायको-मुलगी माहेरी. बोकड कापून झाल्यावर मी नेहमीसारखं रक्तावर आणि मोरीत मीठ टाकलं आणि शब्द म्हटले. तो मोबाईल धरून चित्र घेत होता. "पुन्हा टाक ना लल्ला, नीट आलं नाही. आणि जरा मोठ्याने म्हण." मी पुन्हा टाकलं. शेजारच्या गच्चीवरूनही तेच चाललं होतं, पण त्याने चित्र माझंच घेतलं. वेडा.

काळीज आणि चरबीच्या सळया भाजल्या. मला बघवेना इतकं कमी खाल्लं त्याने. विचारलं तर म्हणाला, पित्त आहे.

शनिवार, २० डिसेंबर

आज एक विचित्र झालं. चांभारगल्लीतली बाई मुलीला घेऊन आली. मुलीने बोचकं माझ्याकडे दिलं तर आईने ते परत ओढून घेतलं आणि आत नेलं. ओल्या खोलीत कोरडे कपडे! मी म्हटलं, काय गं, माझे हात भाजलेत का? तर नुसती हसली.

यामनाही आठ दिवस डोळे चुकवतेय. तिचा गुडघा दुखत असणार. पण एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. ती साक्षी-करार नोंदवणाऱ्या अदूलांच्या कचेरीत गेली होती, कसल्यातरी कागदासाठी. तिथे तिने अंगठा दिला नाही, सही केली! मला हे खाटीक सांगत होता, तोही तिथेच होता म्हणे. मी तिला मिठी मारली. "माझ्या हाताखालची पोर अदूलांपुढे सही करते! मला सांगितलं पण नाहीस?" ती बादली घेऊन आत गेली. लाजते. चाळीस वर्षं ओळखते मी तिला, कौतुक केलं की पळते.

सोमवार, १२ जानेवारी २००९

आज कोर्टाचा माणूस आला. म्हणाला, वाचता येत नसेल तर शेजाऱ्यांना बोलवा. मी म्हटलं, येतं मला. ऐटीत म्हटलं.

आयुष्यात स्वतः वाचलेला पहिला सरकारी कागद. बोट ठेवून वाचला. दुपारची अज़ान झाली तेव्हा पहिलं पान संपलं होतं.

जिलाली याने काझीकडे अर्ज केलाय की त्याची बहीण तामू ही मस्कून आहे, तिला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत, म्हणून तिच्या वतीने सही करायचा अधिकार त्याला द्यावा. सोबत साक्षीचा कागद. बारा पुरुष लागतात. अकरा मिळाले, म्हणून बाराव्याच्या जागी दोन बायका. तेरा सह्या. नानवाला, खाटीक, मशिदीपुढे पुदिना विकणारा. तिसऱ्या पानावर माझ्या गृहपाठाची प्रत, त्याच्या लाल दुरुस्त्यांसकट. 'मोरीतल्या लोकांनी मला लिहून दिले असे ती सांगते.' 'ते आपल्या भावापेक्षा जास्त बोलतात असे तिने स्वहस्ते लिहिले आहे.' 'मोरीत मीठ टाकताना तिचे चित्रण उपलब्ध आहे.'

यात एकही वाक्य खोटं नाही. तीनदा वाचून पाहिलं, एकतरी खोटं सापडावं म्हणून.

बायकांच्या सह्यांतली एक त्याच्या सासूची. दुसरीत पहिल्या अक्षराखाली ठिपके नाहीत.

मंगळवार, १३ जानेवारी

पहाटे आतल्या खोलीत गेले. यामना फरशी धूत होती.

"तुझे ठिपके राहिले," मी म्हटलं.

ती उठली नाही. "तामू, तो म्हणाला, इलाज करायचाय. कागद असला की दवाखान्यात लवकर घेतात."

"मला काय झालंय?"

"काही नाही."

"मग इलाज कशाचा?"

"तो रडला गं माझ्यापुढे. कुराणावर हात ठेवून म्हणाला, लल्लाच्या भल्यासाठी. मला वाचता कुठे येतं? मला फक्त नाव लिहिता येतं."

"ते मला माहितीये. कुणी शिकवलं तेही माहितीये. आणि दाराशी माझ्या जागेवर कोण बसणार म्हणाला?"

ती धुतलेलीच फरशी पुन्हा घासायला लागली. गुडघे दुखतात तिचे, वाफेत जाववत नाही, हे मीच मालकाला सांगत होते गेली दोन वर्षं. मागितली असती तर अर्धा दिवस मी जागा दिली असती. तिने उकळत्या पाण्याची बादली उचलली, मोरीपाशी गेली आणि माझ्यादेखत पुटपुटली, 'बिस्मिल्लाह, आम्ही शरण, हात बांधून.' सवयच ती. मग आपण काय म्हटलं ते तिच्या लक्षात आलं आणि ती खाली बसून रडायला लागली. मी तिला उठवलं नाही.

मालक दुपारी म्हणाला, लल्ला तामू, निकाल लागेपर्यंत घरी आराम करा, गिऱ्हाइकं बिचकतात. सत्तावीस वर्षांत माझ्याकडून एक मोजासुद्धा हरवला नाही.

रविवार, १८ जानेवारी

पाच दिवस भाकरी भाजली नाही. आज भाजली, कारण राग आला. राग आला की मला भूक लागते.

केसाने गळा कापला म्हणतात तो असा. परका असता तर मी शिव्या दिल्या असत्या. याला कुठली शिवी देऊ? आईवरून दिली तर आई माझीच. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता. माझ्या कुशीत झोपायचा, माझी वेणी मुठीत धरून.

आता ते लिहिते जे मी कुठेच लिहिणार नव्हते. जल्लूल नऊ वर्षांचा असताना त्याला झटके यायचे. अंगणात धाडकन पडायचा, डोळे पांढरे, तोंडाला फेस. गल्ली म्हणाली, मस्कून. बापाने ठरवलं, सैयदाच्या दर्ग्यात नेऊन साखळीला बांधायचं, तिथे अंगातलं जातं. मी तिथली पोरं पाहिली होती, पायाला जखमा झालेली. मी बापाच्या वाटेत आडवी पडले. गल्लीभर सांगितलं, ताप डोक्यात गेला होता, उतरला. त्याला पाठीवर घेऊन फेज़च्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, दुखणं आहे, गोळ्या घेतल्या तर आयुष्य नीट जाईल. गेलं. अजून घेतो तो गोळ्या, पित्ताच्या म्हणून. बायकोला माहीत नाही. मी त्याला शब्द दिला होता की मी कुणालाही सांगणार नाही, आणि चौतीस वर्षं पाळला.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, वसंतात. काझीपुढे मी एवढंच म्हटलं की सिद्दी, आमच्या घरात मस्कून कोण होतं ते त्यालाच विचारा, तर दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडेल. रक्तातलं आहे म्हणतील. आणि त्याच्या अर्जावर कुणी थुंकणारही नाही.

सांगणार. का नाही सांगायचं? त्याने माझं काय ठेवलं?

गुरुवार, २९ जानेवारी

कोर्टाने डॉक्टरकडे पाठवलं. तरुण पोरगी होती. आजचा वार विचारला, राजाचं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. मी म्हटलं, बोचकी विचारा, चाळीस बायकांची न चुकता सांगते. मग म्हणाली, मोरीत कोण आहे? मी म्हटलं, बाळ, तुझी आई काय सांगते? ती हसली आणि खाली बघून लिहीत राहिली. काय लिहिलं ते उलट्या बाजूने वाचता येईना.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज झालं. सगळं जसंच्या तसं लिहिते.

जल्लूल नव्या कोटात आला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. काझी म्हातारे, सर्दीने बेजार. पहिला साक्षीदार नानवाला.

"ही बाई मस्कून आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"सिद्दी, ती मोरीशी बोलते."

"काय बोलते?"

"हेच, बिस्मिल्लाह, आम्ही शरण, हात बांधून."

"आणि तुमच्या घरी गरम पाणी टाकताना काय म्हणतात?"

नानवाल्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "हेच म्हणतात, सिद्दी."

"मग तुमच्या बायकोवर कधी अर्ज करताय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. खाटकाने तर सांगून टाकलं की त्याला फक्त 'बहिणीच्या भल्याचं आहे' म्हणून बोलावलं होतं. यामना आलीच नाही. काझींनी माझा गृहपाठ हातात घेतला, चष्मा पुसला, सगळा वाचला. नवरा हसत घरी येतो त्या ओळीवर त्यांची मिशी हलली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सिद्दी. दुरुस्त्या माझ्या भावाच्या."

"मोरीतल्यांनी लिहून दिलं असं का म्हणालात?"

"भाऊ दोन महिन्यांनी घरी आला होता. आनंदात माणूस थट्टा करतो."

मग त्यांनी डॉक्टरचा कागद वाचला आणि एकदम विचारलं, "तुमच्या घराण्यात याआधी कुणाला असा त्रास होता? कुणाला मस्कून म्हणायचे?"

तोंड उघडलं होतं मी. शब्द जिभेवर होता. जल्लूलने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, हात कोटाच्या खिशात, गोळ्यांची डबी असते त्या खिशात. त्याला कळलं की मी आता सांगणार.

"नाही सिद्दी," मी म्हटलं. "कुणाला नाही."

काझीपुढे खोटं बोलले. सबंध खटल्यात खोटं बोललेली मी एकटीच.

अर्ज फेटाळला. काझी म्हणाले, साक्षीदारांविरुद्ध तक्रार करायची तर करू शकता. मी म्हटलं, माझा गृहपाठ तेवढा परत द्या. ती प्रतच होती, दिली नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मालकाने निरोप पाठवला, सोमवारपासून या. मी कळवलं, येते, पण यामनाची पाळी सकाळची ठेवा, माझी दुपारची. वर्गालाही गेले. उस्ताज़ा तोंड झाकून रडली, म्हणाली, मी तो गृहपाठ द्यायलाच नको होता. मी म्हटलं, शब्दाचा काय दोष, पोरी. यामनाची जागा रिकामी होती. मी तिथे माझी पिशवी ठेवली, म्हणजे दुसरं कुणी बसायला नको. असं का केलं ते मला कळत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. मी वर पुदिन्याला पाणी घालत होते. वरून पाहिलं, तर जल्लूल. काखेत निळ्या कागदातली साखरेची ढेप, मनधरणीला नेतात तशी. मी खाली आले, पण कडी काढली नाही.

"लल्ला, मी आहे."

"ढेप उंबऱ्यावर ठेवू नकोस, मुंग्या येतील."

ढेपेचा कागद चुरचुरला. मग दाराला तोंड लावून हळू म्हणाला, "तू सांगितलं का नाहीस? काझींनी सरळ विचारलं होतं. मी असतो तर सांगितलं असतं."

"माहितीये. तू सांगितलंच असतंस."

"मग का नाही?"

"नऊ वर्षांच्या एका पोराला शब्द दिला होता मी. त्याच्याकडे बघून गप्प बसले. तुझ्याकडे बघून नाही."

"तो मीच आहे गं, लल्ला."

"नाही. त्याला मी वाढवलं. तुला कुणी वाढवलं मला माहीत नाही."

मग तो रडायला लागला. मोठ्याने नाही. बाही तोंडात कोंबून रडतो तो, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून लागलेली सवय. त्या आवाजाला मी कितीतरी वेळा झोपेतून उठून गेलेय. हात दोनदा कडीवर गेला, इथे खोटं कशाला लिहू? म्हणून मी कडी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिले.